दुष्काळात पोथी कशाला?

वाचकहो, ज्या प्रश्नाचे उत्तर मला भर वर्गात नीट देता आले नाही, तो प्रश्न घेऊन मी आज तुमच्यापुढे आलो आहे. आमचे कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एस. टी.ने येतात. पाऊस लांबला की वर्गातली हजेरी कमी होते, हे आम्हां मास्तर मंडळींना आता पाठ झाले आहे. अशाच एका वर्षी, शिवारातले सोयाबीन करपून गेले असताना, मी सतराव्या शतकाचा इतिहास शिकवीत होतो. ओघात तुकारामबुवांचे नाव आले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एक विचारू का? दुष्काळात अभंग वाचून पोट भरतं का?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण त्या मुलाच्या घरची हकीकत मला थोडीफार ठाऊक होती. वडिलांनी सोसायटीचे आणि सावकाराचे असे दोन्हीकडचे कर्ज काढलेले, आणि दोन महिन्यांपासून ते घरात कोणाशी धड बोलत नव्हते. मी त्याला "नाही भरत" एवढेच सांगितले आणि तास पुरा केला. उत्तर खरे होते, पण अर्धे होते. राहिलेले अर्धे आज सांगावयाचे आहे.

त्यासाठी आपल्याला जवळजवळ चारशे वर्षे मागे जावे लागेल. १६३० साली गुजराथेत आणि दख्खनेत पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षी काही भागांत तो इतका कोसळला की जे काही पेरले होते तेही हाती लागले नाही. त्या वेळी शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याचा धंदाच मुळी बादशहाची थोरवी गाण्याचा. पण त्यालाही लिहावे लागले की बाजारात पिठामध्ये हाडांचा चुरा मिसळून विकला जात होता. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, म्हणजे फुकट अन्न वाटण्याची ठिकाणे. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्यात येत. वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले गेले. एवढ्या मोठ्या मुलखात ते किती जणांपर्यंत पोचले असतील, ह्याचा अंदाज तुम्हीच करा. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज त्याच सुमारास सुरतेहून आग्र्यास निघाला होता. वाटेत गावोगाव दिसलेली प्रेते तो आपल्या रोजनिशीत नोंदवीत गेला.

आपल्या पुणे प्रांताचे दुर्दैव असे की दुष्काळाबरोबर लढाईही आली. ह्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने पुणे जाळले आणि त्या जागेवर गाढवाचा नांगर फिरविला. ज्या १६३० सालच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्याच सालची ही गोष्ट. शाळेत आपण जन्माची तारीख शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण त्या वर्षी शिवनेरीच्या पायथ्याशी लोक काय खात होते हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीकाठी देहू नावाचे गाव. तेथे तुकाराम बोल्होबा नावाचा विशीच्या आसपासचा एक वाणी दुकान चालवीत होता. घराण्याकडे बाजाराची महाजनकी होती, देवघेव होती. आता गावच्या वाण्याचा धंदा कसा चालतो हे ध्यानात घ्या. त्याचा पैसा पेटीत नसतो. तो गावात पसरलेला असतो. कोणाकडे धान्याच्या रूपाने, कोणाकडे रोकड, आणि वाण्याच्या हाती असतात ती फक्त खते. सुगी आली की कुळे फेड करतात आणि चाक पुन्हा फिरू लागते. पाऊस पडला नाही की कुळाकडून काही येत नाही, घरातले धान्य घरच्यांच्या तोंडी जाते, आणि चारा नाही म्हणून गोण्या वाहणारे बैल मरतात. म्हणजे कर्ज घेणारा बुडतो तसा देणाराही बुडतो. तुकारामांचे दिवाळे वाजले ते असे. आईबाप आधीच गेले होते. थोरली बायको ह्या दुष्काळात अन्नावाचून गेली. मुलगाही गेला, असे परंपरा सांगते.

ही हकीकत आपल्याला कोठून कळते? बखरीतून नव्हे, कागदपत्रांतूनही नव्हे. ती खुद्द तुकारामांनीच एका अभंगात सांगितली आहे. गाथेतला हा आत्मचरित्राचा अभंग पुष्कळांनी ऐकलेला असतो, पण तो इतिहासाचा कागद म्हणून फारसा कोणी वाचीत नाही. आरंभीच ते म्हणतात की हे सांगू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. मग जात, धंदा, आईबापांचे जाणे, दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, बायको अन्न अन्न करीत मेली, हे एकापाठोपाठ एक येते. कोठे विशेषण नाही, कोठे आक्रोश नाही. आणि त्याच्या मागोमाग जे येते तेच मला फार महत्त्वाचे वाटते. ते म्हणतात, मला लाज वाटली.

ह्या लाजेपाशी आपण जरा थांबू. दुष्काळाने माणूस मरतो तो दोन प्रकारांनी. एक भुकेने, त्याला धान्यच पाहिजे, तेथे दुसरे काही चालत नाही. दुसरा प्रकार असा की पोटाला थोडेफार मिळत असते, पण "मी माझ्या माणसांना जगवू शकलो नाही, चार लोकांत आता कसा तोंड दाखवू" हा विचार माणसाला आतून खातो. तो घरात बोलत नाही, पारावर बसत नाही, देणेकऱ्याची वाट टाळून लांबून जातो. खेड्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत किती शेतकऱ्यांनी असे मुके होऊन जीव दिला, ते तुम्ही जवळून पाहिले आहे. ह्या दुसऱ्या मरणावर लंगर उघडून भागत नाही.

तुकारामांनी त्या लाजेचे काय केले? पहिल्याने ते माणसांतून उठून डोंगरावर गेले. देहूच्या परिसरातले भामचंद्र, भंडारा, घोराडा हे डोंगर आजही लोक त्यांच्या नावाने दाखवितात. आणि घरी एक कृत्य केले, ते महिपतींनी चरित्रात लिहून ठेवले आहे. येणे असलेल्या रकमांची खते काढली, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. दुष्काळात उपाशी मेलेल्या कुळांच्या पोरांकडून वसुली करावयाची नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

पण त्या अभंगातच आणखी एक गोष्ट आहे, आणि आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. ते म्हणतात की मोडकळीस आलेले देऊळ नीट करावेसे वाटले, एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची काही वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.

केवढा प्रामाणिकपणा आहे पाहा! पोथी उघडली आणि लगेच शांती मिळाली, असे ते कोठेही म्हणत नाहीत. मन लागत नव्हते, तरी पाठांतर चालू ठेवले, असे म्हणतात. आणि पुढे होऊन गात नव्हते. मागे उभे राहून दुसऱ्याचे शब्द उचलून धरीत होते. ज्याला स्वतःचे दुःख बोलता येत नाही, त्याने आधी दुसऱ्याच्या शब्दांमागे उभे राहावे, मग हळूहळू स्वतःचा आवाज फुटतो. जुन्या ग्रंथांचा आधार म्हणतात तो एवढाच, आणि मला वाटते तो थोडा नाही.

ते शब्द तरी कोणाचे होते? ज्ञानदेवांचे, नामदेवांचे, एकनाथांचे. ज्ञानेश्वरी नेवाशास लिहून पुरी झाली ती शके १२१२ म्हणजे १२९० साली. पुढच्या सहाच वर्षांत अल्लाउद्दीनाची स्वारी देवगिरीवर आली, आणि तीस वर्षांच्या आत यादवांचे राज्य संपले. राज्य गेले, ग्रंथ मात्र लोकांनी उतरून घेत घेत जगविला. उतरून घेताना चुका झाल्या, कोणी आपल्या ओव्या आत घुसडल्या. शेवटी पैठणास एकनाथांनी बसून निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. पुन्हा कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. ह्या गोष्टीनंतर शेहेचाळीस वर्षांनी देहूला दुष्काळ पडला. छापखाना नव्हता, पोथी उतरवून घेणे खर्चाचे काम, म्हणून पाठांतर. विकत घ्यावयास पैसा नाही, पण जी डोक्यात आहे ती पोथी कोणाला जप्त करता येत नाही.

आणि पोथी जप्त करण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तुकारामांच्या शब्दांच्या पुढच्या प्रवासातली एक हकीकत सांगतो. त्यांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापून निघाली. म्हणजे वारकऱ्याच्या कंठातली वचने पदवीधरांच्या टेबलावर आली. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून दिलेल्या वह्या आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. १९१४ साली सुटका झाली तेव्हा सरकारने वह्या ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही अशी मंडळींना धास्ती वाटू लागली, तेव्हा टिळक म्हणाले की ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेच्या तोंडीच टिळकांनी वचन घातले ते तुकारामांचे. मी बोलतो ते संतांचे उष्टे आहे, अशा आशयाचे. संस्कृताचा एवढा पंडित, आणि त्याला आरंभ करावयास देहूच्या दिवाळखोर वाण्याचे शब्द लागले! तुरुंगात असतानाच, १९१२ साली, टिळकांची पत्नी इकडे वारली. ग्रंथ त्याआधीच लिहून झाला होता, तेव्हा दुःखातून ग्रंथ निघाला असे जे कोणी रंगवून सांगतात ते चूक आहे. उलट म्हणावे लागेल. तार आली तेव्हा ग्रंथ आधीच डोक्यात होता.

धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीत धरलेले कैदी तेथे होते. विनोबा दर रविवारी त्यांना गीतेचा एक अध्याय मराठीतून समजावून सांगत. अठरा अध्याय, अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, आणि ते भराभर सगळे उतरून घेत. ती 'गीताप्रवचने' आज इतक्या भाषांत गेली आहेत. ज्या माणसाने दुसऱ्याचे शब्द असे निमूटपणे उतरून घेतले, त्याच्याच हातून पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. मागे उभे राहून ध्रुपद धरणे म्हणतात ते हेच की नाही?

तुम्ही म्हणाल, ही शिकल्यासवरलेल्या मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. ज्याला अक्षर येत नाही त्याचे काय? तर माझ्या आजीची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात ती आमच्या भागातल्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होती. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. हे सगळे तिच्या तोंडून ऐकलेले. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची. रात्री मारुतीच्या देवळात चातुर्मासाची पोथी लागे, श्रीधरांचा 'पांडवप्रताप'. हा १७१२ सालचा ग्रंथ, पण खेड्यात त्याचे वय कोणी विचारीत नाही. त्या वर्षी पांडवांच्या वनवासाचा भाग वाचून झाला, तेव्हा बायकांनी वाचणाऱ्या भटजींना सांगितले, पुढे जाऊ नका, हाच भाग पुन्हा लावा. आजी म्हणायची, "अरे, ती राजाची राणी असून तिच्याकडं आलेल्या माणसाला वाढायला काही नव्हतं. मग मला कसली लाज रे बाळा?" सकाळी कामावर बायका एकमेकींना विचारीत, "काय गं द्रौपदी, आज भांडं घासलंस का?" आणि हसत. दिवसभर दगड फोडून हसत, हे आजी मुद्दाम सांगायची.

द्रौपदीच्या थाळीने त्यांच्या घरात दाणा आला नाही. दाणा आला तो कामाच्या मजुरीने, आणि ती मजुरीसुद्धा वेळेवर मिळत नसे. पण लाज मात्र त्या देवळात राहिली.

येथे कोणी जाणता वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. "जुने ग्रंथ गरिबाला सोसायला शिकवितात, दैवावर हवाला ठेवून गप्प बसवितात." ही तक्रार खोटी नाही. उपाशी माणसाला प्रारब्ध सांगणारे कीर्तनकार मी ऐकले आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. ज्याच्या घरी कोठार भरलेले आहे त्याने दुसऱ्याला सहनशीलतेची ओवी म्हणून दाखवू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी ओव्या सांगितल्या नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालविले. सावित्रीबाई जुन्नर भागात काम करीत होत्या, तेथून जोतीरावांना त्यांनी दुष्काळाचा हाल कळविला. आधी अन्न, हे फुल्यांकडून शिकावे. पण हेही विसरू नये की त्याच जोतीरावांनी आपल्या मनातले सांगावयाची वेळ आली तेव्हा 'अखंड' रचले, आणि त्या अखंडांची चाल अभंगाची आहे. जुन्यातला उपदेश त्यांनी झुगारला. बोलण्याची रीत ठेवली. तुकारामांनी तरी दुसरे काय केले? त्यांनी सोसत बसण्याऐवजी खते बुडविली.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या पाठ्यपुस्तकांत तुकाराम येतात ते बहुधा सुविचार होऊन. कवितेचा सरळ अर्थ, दोन ओळींचे रसग्रहण, चार गुण, संपले. मुलाला वाटते, हा कोणी जन्मापासूनच सुखी असा साधू असावा. वर्गात एकदा तो दुष्काळाचा अभंग इतिहासाच्या तासाला वाचून पाहा. मराठीच्या तासाला नव्हे. तेथे लगेच अलंकार विचारले जातात. फळ्यावर १६३० हा आकडा लिहा, शेजारी १८७६, १९७२ लिहा, आणि मुलांना विचारा की तुमच्या घरी ह्यातल्या कोणत्या सालाची गोष्ट सांगतात. १९७२ ची तर आजीआजोबांकडून हमखास मिळते. मग अभंग वाचा. अर्थ सांगण्याची घाई करू नका. आणि दहा ओळी पाठ करून घ्यावयास लाजू नका. पाठांतराला आजकाल घोकंपट्टी म्हणून हिणवितात, त्यात तथ्यही आहे. पण ज्या दिवशी पुस्तक हाताशी नसते अशा दिवसासाठी काही तरी पाठ असावे लागते. २०२० च्या आषाढीला साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. तेव्हा आमच्या शेजारचे एक म्हातारे वारकरी घरच्या ओट्यावर बसून मुक्कामाच्या क्रमाने अभंग म्हणत होते. आज लोणंद, आज फलटण. वही नव्हती जवळ.

राहता राहिला तो मुलगा. आठ दिवसांनी मी त्याला कॉलेजच्या ग्रंथालयातून गाथा काढून दिली आणि त्या अभंगाच्या पानात कागदाची चिठ्ठी घातली. समजावले काहीच नाही. महिन्याभराने तो पुस्तक परत करावयास आला. म्हणाला, "सर, वडिलांना वाचून दाखवला. म्हणजे मी माझंच वाचत होतो, मोठ्यानं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. उठून बसले आणि म्हणाले, पुन्हा वाच, ते दुकानाचं."

"मग?" मी विचारले.

"मग त्यांनी सोसायटीचा आकडा सांगितला. आईला आणि मला. आम्हांला माहीतच नव्हता."

आकडा मोठा होता. त्यानंतर बाप-लेक बँकेत जाऊन आले, मुदत वाढवून मिळाली, एक बैल विकावा लागला. मुलगा जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, "सर, एक राहिलं. त्या अभंगात तुकोबांनी शेवटी पाऊस पडला की नाही हे सांगितलंच नाही."

मी म्हटले, "पडला होता बाबा. पुढच्या साली पडला, आणि फार पडला."